सोळा टिकले

पडेगाव, छ. संभाजीनगर
६ जानेवारी २०२५

चि. तनुजास काकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे चार फोन आले, मी एक बी उचलला नाय. मुद्दामच. फोनवर मी तापलो की तू नेटवर्क नाय म्हणून कट करतीस. कागद कट करता येत नाय. म्हणून हे लिहून कडुबाच्या ट्रॅव्हल्समधून पुण्याला धाडतोय. तू बी कडुबाच्याच हाती उत्तर दे.

आता मुद्द्याचं. रेसच्या ट्रॅकवर आपली रोजची गाडी दिवसभर पळवायची म्हणून तू नाव नोंदवलंस, आन् हे मला तुझ्या बापाकडून कळतं? नाना म्हणतो, पोरगी शहाणी आहे. शहाणं माणूस आडात डोकावतं, उडी नाय मारत. पस्तीस वर्षं मी लोकांच्या गाड्या दुरुस्त करतोय. वळणावर काय होतं ते मला गाडी गॅरेजला आल्यावर दिसतं, तुला आधी दिसायला पायजे.

तू ऐकणार नाय हे ठाऊक आहे, घराण्याचंच रक्त. मग कुण्या सोम्यागोम्याकडून गाडी तयार करून घ्यायची नाय. इथं आण. ब्रेकचं ऑइल नवं, पॅड नवे, बॅटरी आवळून, आतलं सगळं सुटं सामान बाहेर. जॅक, स्टेपनी, पायाखालच्या मॅटी, पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरचा गणपती बी. त्यावरून तुझी काकू दोन दिवस बोलणार नाय, सोसू. आन् चाकं. गाडीचा जीव इंजिनात नाय, चाकाच्या नटात असतो, हे मी तुझ्या काकूला, सरूला बी रोज ऐकवतो. आपल्याकडं फकिरा नट आवळतो आन् आवळलेल्या नटावर लाल रंगाचा टिकला लावतो. टिकला नाय तर गाडी दारातून हलत नाय. मागाहून मी पाना लावून बघतो.

रागावलोय, हे ध्यानात ठेव. लोभ आहेच, फक्त तो आज तोंड फिरवून बसलाय.

तुझा काका,
काकासाहेब

•

पुणे
९ जानेवारी २०२५

ती. काकांस तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कडुबाभाऊंनी देताना विचारलं, घरात काही झालंय का. तुमची पाकिटंसुद्धा रागात दिसतात!

मी अठ्ठावीस वर्षांची आहे, गिअरबॉक्सचं डिझाइन करून पोट भरते. तुम्ही विशीत पाचोडच्या शंकरपटात बैलामागं उभं राहून दात पाडून घेतला होता, तो कुणाला विचारून? तेव्हा आजोबांनी पत्र धाडलं होतं का? मी पळवलं की उडी, तुम्ही पळवलं की घराण्याचं रक्त. छान आहे.

तरी गाडी तुमच्याकडेच आणणार, कारण फकिराकाकांच्या हातासारखा हात पुण्यात नाही. (तुमच्या हाताबद्दल मी काहीच म्हटलेलं नाही.) शुक्रवारी सतराला संध्याकाळी पोहोचते. शनिवारी काम करा, दुपारी निघेन. ट्रॅक रविवारी आहे. तिथं पळवायच्या आधी त्यांचे लोक प्रत्येक गाडी तपासतात. वर्षभर या दिवसाची वाट बघतेय काका, पाण्यात बघू नका.

काकूंना सांगा, गणपती मांडीवर घेऊन बसा, गाडीत नको.

माया आटू देऊ नये, ही विनंती.

आपली,
तनुजा

•

पुणे
२० जानेवारी २०२५

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

नमस्कार लिहिलाय, पण आज तो मनातून येत नाही.

काल ट्रॅकवर तपासणीला एक बाई होत्या. बॉनेट बघितलं, ब्रेक बघितले, मान डोलावली. मग चाकांना हात लावला. मागच्या डाव्या चाकाच्या चार नटांपैकी दोन त्यांच्या बोटांनी फिरले. बोटांनी! चाक काढलं तर आतली भोकं घासून अंडाकृती झालेली. त्या म्हणाल्या, ही गाडी ट्रॅकवर जाणार नाहीच, पण ती इथवर कशी आली हे सांगा. मी काय सांगू? अहिल्यानगर सोडल्यापासून गाडी जरा थरथरत होती. मी रस्त्याला शिव्या देत होते.

गाडी टेम्पोवर चढवून परत आणली. चाळीस जण हेल्मेट घालून बघत होते. एकानं विचारलं, कुठल्या गॅरेजनं तयार केली. मी पडेगाव म्हणाले नाही. तुमची लाज राखली, माझी राहिली नाही.

आणि काका, त्या चारही नटांवर लाल टिकला होता.

तनुजा

•

पडेगाव
२४ जानेवारी २०२५

चि. तनुजास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र गॅरेजात उभ्यानं वाचलं.  दोनशे चाळीस किलोमीटर तू त्या चाकावर गेलीस. ते कुठं निघून पडलं असतं याचा हिशोब रात्रभर करत बसतोय.

फकिराला तिथंच काढला. बावीस वर्षं माझ्याकडं राबलेला माणूस. नट न आवळता टिकला लावणं म्हणजे आपल्या गॅरेजात देवाची खोटी शपथ घेण्यासारखं. चुकून ढिला राहिला असता तर शिव्या घालून सोडलं असतं, पण टिकला चुकून लागत नाय. चार माणसांसमोर बोललो. काय काय बोललो ते कागदावर यायचं नाय. त्यानं मान खाली घातली आन् एवढंच म्हणाला, मालक, ती बिंदी माझी नाय. बिंदी म्हणे! माझ्या पोरीच्या जिवाशी खेळून वर थट्टा. मी गॅरेजची चावी मागून घेतली. त्यानं दिली आन् सायकल काढून गेला.

तुझी काकू तेव्हापासून माझ्याशी बोलत नाय. तिला फकिराचा पुळका. तू तरी माझ्या बाजूनं रहा.

तुझा काका,
काकासाहेब

•

पुणे
२८ जानेवारी २०२५

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

नाही, मी तुमच्या बाजूनं नाही. एवढी चिडलेय की तिसऱ्यांदा कागद फाडून लिहितेय.

तुमचं पत्र वाचून खाली पार्किंगमध्ये गेले आणि सोळाच्या सोळा नटांवरून अंगठा फिरवला. तीन चाकांवर वरचं लाल अंगठ्याला आलं, खाली लाल रंग तसाच राहिला. मागच्या डाव्या चाकावर खाली काहीच नाही, नुसतं लोखंड. आणि अंगठ्याला जे आलं ते कुंकू होतं. तेलात कालवलेलं. वास घेतला, आपल्या देवघराचा वास.

आता आठवा. शनिवारी काकूंनी पूजेचं ताट आणलं. फकिराकाका शेवटच्या चाकाशी बसले होते, नट नुसते हातानं बसवले होते. त्यांना हाक कुणी मारली? तुम्ही. पाना ठेव, नारळ फोडायचाय, मुहूर्त टळतो, म्हणून. मी नारळ धरला होता, मला ऐकू आलं. आणि काकू बॉनेटला कुंकू लावून थांबल्या नाहीत, चाकांभोवती फिरल्या. कारण गाडीचा जीव नटात असतो, हे त्यांना रोज कोण ऐकवतं?

फकिराकाका खोबरं खाऊन आले. टिकले दिसले, त्यांना वाटलं मालकांनी आवळलं. तुम्हाला टिकले दिसले, तुम्हाला वाटलं फकिरानं आवळलं. पण पाना लावून बघायचं काम तुमचं होतं ना? तुम्ही बघितलं का? मला आठवतंय, तुम्ही हात मागं बांधून गाडीभोवती एक चक्कर मारली आणि जा म्हणालात. मीही घाईत होते, मीही हात लावला नाही. पण मी कुणाची चावी काढून घेतली नाही.

बिंदी माझी नाही, असं ते म्हणाले. ते थट्टा करत नव्हते काका, ते खरं सांगत होते.

त्यांना आणेपर्यंत मला पत्र पाठवू नका.

तनुजा

•

पडेगाव
१२ फेब्रुवारी २०२५

चि. तनुजास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पाठवू नको म्हणालीस, म्हणून पंधरा दिवस थांबलो. आता पाठवायचा हक्क मिळवलाय.

तुझं पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा तुझाच राग आला. कालची पोर मला शिकवते. मग सरूचा आला. मग त्या नारळाचा. हात दुखेस्तोवर राग फिरवत राहिलो आन् शेवटी तो घरच्या गुरासारखा माझ्याच दावणीला येऊन उभा राहिला. मी पाना लावला नव्हता. तुझ्या काकूला कुंकू लावताना बी बघितलं होतं गं. डोळ्यानं बघितलं आन् डोक्यात शिरलं नाय, कारण मी लोकांना फोनवर सांगत होतो, माझी पुतणी ट्रॅकवर गाडी पळवते म्हणून. व्हय, सांगत होतो. चिडलेला काका तुझ्यासाठी होता, बाकी साऱ्या पडेगावात मी मिरवत होतो.

फकिरा पाचोडला मेहुण्याच्या गॅरेजात ट्रॅक्टरची कामं करत होता. बाजाराच्या दिवशी गेलो. मुद्दाम गर्दीत, कारण अपमान बी चार माणसांसमोरच केला होता. माझं चुकलं, असं मोठ्यानं म्हणालो.  कुंकवाचं तुला आधीच कळलं होतं का, म्हणून विचारलं. तर म्हणाला, शनिवारी मी बी फसलो, वाटलं तुम्ही आवळलं; तुम्ही ओरडलात तेव्हा उमगलं. मालक, भाबींच्या हातचं कुंकू मला कळणार नाय का? मग सांगितलं का नाय? तर म्हणाला, तुमचा तो राग भाबींवर गेला असता तर? मी बाहेरचा, मला काढता आलं. त्यांना कुठं काढणार होता?

तनू, मला बाजारात उभ्यानं रडू आलं. आन् त्यावर बी राग आला.

त्यानं समोरच्या ट्रॅक्टरकडं बोट दाखवलं. गुडघ्यावर बसून मी एकेक नट पाना लावून तपासला. लोक बघत होते, कुणी तरी हसलं बी. शेवटचा नट झाला तेव्हा तो पडेगावला परत यायला सायकलवर बसला.

आता गॅरेजात टिकला पिवळा आहे. लाल फक्त सरूचा. मार्चातल्या ट्रॅकला नाव नोंदव आन् गाडी आण, चाक नवं बसवू. परत आल्यापासून फकिरा माझ्याशी एक शब्द बोलत नाय. पण काम झालं की पाना पुसतो आन् न बोलता माझ्या हातात देतो.

जीव लावत जा, आन् चुकलं तर असंच फाडून खात जा, ही विनंती.

तुझा काका,
काकासाहेब

ता. क. तनू, मी सरूकाकू. यांनी पत्र माझ्यासमोर ठेवलं, वाच म्हणाले. मी वाचलं. मार्चात पूजा करणारच. पण आधी प्रत्येक नटाला मी स्वतः पाना लावणार, मग कुंकू. फकिराभाऊंनी शिकवलंय. पाना लई जड आहे गं, पण कट्ट असा आवाज झाला की बरं वाटतं.