वेगळी बादली

गुरुवार, दि. १४

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने आम्ही दोघं धडधाकट आहोत. आईचा गुडघा कसा आहे? तेल चोळून घेते, की बाटली संपेल म्हणून नुसती उशाशी ठेवते? आई माझ्यावर गेली आहे, असं तू म्हणशील.

कागद हिशेबाच्या वहीचा आहे, हे तुझ्या लक्षात येईलच. वहीचं पान मी कधी फाडत नाही. आज फाडलं.

पत्र डब्यात घालून टेम्पोवाल्याकडे देते आहे. तुझ्या वर्कशॉपमधले गिअर इथे ह्यांच्या मोटारींच्या कारखान्यात उतरवून तो रिकामा परततो, म्हणजे उद्या तुला मिळेल. डब्यात आईची औषधं आहेत, असं त्याला सांगणार आहे. फोन केला असता, पण मी फोन हातात घेतला की हे शेजारी येऊन बसतात. हल्ली नेहमीच.

तुला माहीत आहे, ह्यांचे कामावरचे कपडे मी सव्वीस वर्षं वेगळ्या बादलीत भिजवते. गिअरबॉक्सचं वंगण ते. एका शर्टापायी घरातलं सगळं काळं होतं. गेल्या महिन्यात एका सोमवारी बादलीतलं पाणी काळं झालं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. आठ दिवस पाणी स्वच्छ. मला वाटलं, ह्यांना काढून टाकलं आणि हे कुठल्या तरी बागेत बसून डबा खातात. शर्टाचा वास घेतला, खिसे तपासले. शेवटी विचारलं, "कामावर जाता ना हो?"

"जातो."

"मग कपडे का मळत नाहीत?"

ह्यांनी मला देवापुढे नेलं, देवाच्या पायावर हात ठेवायला लावला. म्हणाले, "यातला शब्द जरी बाहेर गेला तर नोकरी गेली. आम्ही तिघंच आहोत. सह्या घेतल्यात." मग सांगितलं.

परदेशातून ती स्वस्त विजेची गाडी येते ना, तशी एक कारखान्याने विकत आणली. मागच्या शेडला आतून कडी, आत हे आणि आणखी दोघं. स्क्रू न् स्क्रू काढून बघायचं. ह्यांच्या वाट्याला अर्थातच गिअरबॉक्स. "उघडला," म्हणाले, "आणि बाकीचे गिअर कुठे गेले म्हणून शोधत बसलो." आत चारच गिअर, वंगणही जेमतेम. आपल्याकडे तीसेक असतात. मी विचारलं, "काम कसं आहे?" वाटलं, नावं ठेवतील. ह्यांनी आजवर कुणाच्या कामाला बरं म्हटलेलं नाही, माझ्या स्वयंपाकाला तर नाहीच. म्हणाले, "सुरेख."



आपल्याला नुसतं सामान जेवढ्याला पडतं, तेवढ्यात त्यांची अख्खी गाडी बंदरात उतरते. साहेबलोकांनी ठरवलंय, आपणही विजेचीच काढायची आणि आतलं सगळं तिकडून तयार आणायचं. वर्षभरात गिअरचं खातं बंद. मग तुझे गिअर कोण घेणार?

आता जे लिहायला बसले, ते लिहिते. गेल्या रविवारी तुझा फोन आला. "दाजी, गिअर कापायचं नवीन मशीन घेतोय. घराचे कागद तारण ठेवतोय, येत्या सोमवारी सही. घेऊ ना?" हे म्हणाले, "घे की. बिनधास्त घे." मी तिथेच भाजी निवडत होते. तू म्हणालास, "ताईला पण विचारा." आणि मी म्हटलं, "देव पाठीशी आहे, घे."

देवाचं नाव घेऊन म्हटलं रे मी.

फोन ठेवून हे गॅलरीत जाऊन उभे राहिले. जेवले नाहीत. ह्यांच्यावर राग धरू नकोस. पन्नाशी उलटलेला माणूस, कोण दारात उभं करणार? दाराची बेल वाजली की आम्ही आधी एकमेकांकडे बघतो, मग दार उघडतो. पण त्या घरात आई झोपते.

सही करू नकोस.

कुणी विचारलं तर "बायको नको म्हणते" एवढंच सांग. त्यापुढे जगात कुणी काही विचारत नाही. तिची माफी मी मागेन. दाजी, शेड, मी, यातलं काहीही तुझ्या तोंडून निघता कामा नये. तुझ्या पोटात काही राहत नाही, म्हणूनच लिहिताना भीती वाटते. बातमी फुटली तर शोधायला तिघंच आहेत. वाचून हे पत्र जाळ. डबा नुसता धुऊन परत पाठव, मी समजेन.

हे परवापासून आपल्या जागी परत गेलेत. बादलीतलं पाणी पुन्हा काळं होतं. ते ओतून द्यायला माझा हात धजत नाही.

आईला नमस्कार सांग. देवापुढे आज मी बसले नाही. त्याला काय सांगायचं ते माझं मी बघेन.

तुला रविवारी "घे" म्हणालेली,
तुझी ताई