चिंध्यांची बाभूळ

१८ एप्रिल १९४९, धुळे

माझा रुमाल गेला. नवा, पांढरा, कोपऱ्यावर निळी वेल. देशाला स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं होत आली आणि नागरिकाच्या खिशातला रुमाल सुरक्षित नाही, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी म्हणून इथे करतो.

जळगावहून येणारी सर्व्हिस मोटार पारोळ्यापुढच्या टेकाडावर थांबली. थांबतेच म्हणे. तिथे एक बाभूळ आहे – पाला कमी, लुगड्यांचे काठ जास्त. चढ दोन्ही बाजूंनी, त्यामुळे देव जातानाही अडवतो आणि येतानाही. ड्रायव्हर जब्बार उतरला, गंभीरपणे म्हणाला, "झाडाने ओढलं. चिंधी बांधल्याशिवाय गाडी हलणार नाही." सगळे मुकाट खाली. पण आज कोणाजवळ चिंधी नव्हती. शेजारी बसलेल्या पारोळ्याच्या कमलबाईंनी माझ्या खिशाकडे पाहिलं.

"दे ना भाऊ. तुना एक रुमालमा काय जाई?"

"नवा आहे हो."

"मंग देव जास्त पावी."

आणि घेतला! वर समजावलं – झाडात करंट शे, हात लावला की मुंग्या येतात. मी लावला. मलाही आल्या. लाल होत्या, कडकडून चावल्या.

पुढचा विधी असा: मोटारीकडे पाठ करून, हात जोडून, दहा मिनिटं उभं राहायचं. मागे पाहील त्याला करंट धरतो. दहा मिनिटांनी जब्बारने हँडल मारलं, मोटार सुरू. लोकांनी माझ्या रुमालाला नमस्कार केला. माझे आभार कोणी मानले नाहीत.

१९ एप्रिल

सुनंदाला नववा लागलाय. तिची आई असती तर लेकीला बाळंतपणाला जळगावला आणली असती. मला भातसुद्धा धड शिजवता येत नाही, म्हणून सासरीच राहिली.

जेवताना बाभळीची गोष्ट सांगितली, रुमालाच्या हौतात्म्यासकट. जावई रतिलालराव ठसका लागेपर्यंत हसले. सुनंदा हसली नाही.

नंतर स्वयंपाकघरात तिने माझ्या हातात कापडाची एक पट्टी ठेवली. पिवळी. दुसऱ्या बाळाच्या दुपट्याची. ते अकरा दिवसांचं होऊन गेलं. पहिलं तर रडलंच नव्हतं.

"नाना, परत जाताना ही बांधाल?"

"तुला सातवीपर्यंत शिकवली ती याच्यासाठी?"

"शाळेने काय केलं दोन्ही वेळा?"

मी पट्टीची घडी घातली.

"मला झोप येत नाही नाना. बांधली, एवढं कार्ड टाका. बस."

खिशात ठेवली.

२० एप्रिल, जळगाव

सापडलं!

येताना पुन्हा टेकाड, पुन्हा जब्बारची मोटार, पुन्हा तोच विधी. सगळे हात जोडून झाडाकडे. मी मागे पाहिलं. करंटने धरलं नाही. जब्बार मात्र धरला गेला – बॉनेट उघडं, हातात पत्र्याचा डबा, रेडिएटरमध्ये पाणी ओततोय.

पारोळ्याला चहा त्यानेच पाजला.

"पाणी उकळतं साहेब. निवायला दहा मिनिटं लागतात. शेठ नवा रेडिएटर घेत नाही. आधी लोक तेवढा वेळ माझ्या आईबहिणीचा उद्धार करायचे. आता हात जोडतात."

"आणि करंट?"

"तो माझ्या उस्तादने सोडला."

"मागे बघायचं नाही हेही त्याचंच?"

"नाही. ते माझं." जरा अभिमानानेच म्हणाला.

मी साप्ताहिक चालवतो हे कळल्यावर चेहरा उतरला. तरी छापू नका म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "माणसाला दहा मिनिटं काहीतरी करायला लागतं, साहेब. नुसतं थांबता येत नाही."

पट्टी खिशातच राहिली. बांधायची कशाला, रेडिएटरला?

२१ एप्रिल

दोन कॉलम लिहून काढले. मथळा – 'उकळत्या पाण्याचा देव'. वर्षभरात इतकं धारदार लिहिलं नव्हतं. स्वतःच दोनदा वाचलं, दोनदा हसलो.

मग सुनंदाला कार्ड. "बांधली. – नाना." त्या दोन कॉलमांत एक शब्द खोटा नाही. या कार्डात आहे तोच एक.

२२ एप्रिल

अंक उद्या. पुनाने खिळे जुळवले. आमचा कंपोझिटर, दहा वर्षांत माझ्या मजकुराला पहिल्यांदा हसला. मी प्रूफ वाचायला बसलो आणि आठवलं – उद्या धुळ्याचा गठ्ठा जाणार. जब्बारच्याच मोटारीने. सुनंदा सगळ्यांत आधी माझाच मजकूर वाचते, चुका काढायला.

"पुना, हे दोन कॉलम काढ."

"नाना, हसी हसी पोट दुखनं मन्हं, आनी काढ म्हंतस?"

"काढ."

"मंग त्या जागावर काय टाकू?"

"सरकीचे भाव."

"भाव तं पान तीनवर शेतस."

"मग मोठ्या टायपात टाक."

२ मे

धुळ्याहून काही नाही. अंकाबद्दल एकच पत्र. वाचकाला सरकीचे भाव ठळक छापल्याचं फार आवडलं. माझ्या लेखणीचं पहिलं निर्विवाद यश.

७ मे

रतिलालरावांचं पत्र. मुलगी. परवा पहाटे. दोघी सुखरूप. बाळ रडतं, सगळ्या आळीला ऐकू जाईल इतकं.

खाली पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरात सुनंदाने लिहिलंय – "नाना, तुमचं कार्ड आलं त्या रात्रीपासून झोप लागू लागली. अजून उशाशीच आहे."

उठून कोटाचा खिसा पाहिला. पट्टी आहे.

८ मे

सकाळची पहिली मोटार. जब्बार टेकाडावर थांबणारच नव्हता. "पाणी गार आहे, साहेब." म्हटलं, माहीत आहे, दोन मिनिटं थांब. मागच्या बाकावरच्या एका चष्मेवाल्याने घड्याळ काढलं. म्हणाला, या अडाणीपणाबद्दल पेपरात कोणीतरी लिहायला हवं.

माझा रुमाल अजून होता. निळी वेल उन्हाने उडालेली. त्याच्याच शेजारी पट्टी बांधली. मोटारीकडे पाठ करून, हात जोडून उभा राहिलो. मागे पाहिलं नाही.