बबड्या चालत नाही

नाशिक, रविवार, ८ जुलै २००७

संध्याकाळी सुहास पुण्याला परत गेला. आठवडाभर इथे घरूनच ऑफिसचं काम करणार म्हणाला, तेव्हा केवढी हरखले होते मी! पण चहा घेऊन खोलीत गेले की हा पोरगा लगेच स्क्रीन बंद करायचा. "आई, कंपनीचा नियम आहे. घरच्यांनाही दाखवायचं नाही." दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलंय मला. आईला काय चोर समजतात?

त्यावर कडी म्हणजे जाताना माझ्या ईमेलचा पासवर्डही बदलला.

"बबड्या? आई, हे तर कोणीही ओळखेल."

"कोण ओळखणार? तुला बबड्या म्हणणारं माझ्याशिवाय उरलंय कोण?"

नुसता हसला. आकडे आणि चिन्हं घालून काहीतरी कडबोळं कागदावर लिहून दिलं.

मघाशी पोहोचल्याची मेल आली का ते बघायला बसले. बोटांनी सवयीने बबड्याच लिहिलं. फोनवर सुहास म्हणायचं, कारण आजूबाजूला त्याच्या हाताखालची माणसं असतात. म्हणून रोज सकाळी इथे तरी...

पासवर्ड चुकीचा, म्हणे. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. चुकीचा कसा असेल? मीच ठेवलंय ते नाव.