शेंगांचा हार मोडू नये

मी, श्रीमती भामा जगन घरत, वय वर्षे बाहत्तर, राहणार रोडपाली, कळंबोली, तालुका पनवेल, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळचा चहा पोटात गेल्यावर हे मृत्युपत्र करीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. म्हणजे "आईला शेवटी काही कळत नव्हतं" असं म्हणायची माझ्या मुलांना सोय उरणार नाही. लिहून घेणारे वकील सत्यजीत यांनी माझी वाक्यं सुधारायची नाहीत, असं ठरलं आहे.

कलम १. रोडपालीचं घर माझ्या नावावर आहे. खालचा मजला धाकट्या प्रितमला, वरचा थोरल्या केतनला. जिना आणि गच्ची दोघांची. जिन्यात चपला कोणी काढायच्या यावरून आजवर पुष्कळ भांडण झालं, आता पुरे.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल त्यातून माझे दिवस करावेत, उरेल ते निम्मंनिम्म. जेवणावळीत काटकसर केलेली मला चालणार नाही.

कलम ३. पोपटीची मडकी केतनला. माझे यजमान गेल्यावर मी दर थंडीत पळस्प्याच्या नाक्यावर वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला विकायला बसत असे. गोव्याकडे निघालेल्या लोकांना पोपटीही, म्हणजे त्याच पाल्यात मडक्यात भाजलेल्या शेंगा, देत असे. आई रस्त्यावर बसते म्हणून केतनची मान खाली जाई. पोपटीच्या पानावर मात्र तो सगळ्यांच्या आधी बसे.

कलम ४. सोनं. जासईची जमीन सरकारने घेतली तेव्हा यजमानांनी आलेल्या पैशांचं सोनं करून माझ्या अंगावर घातलं. "सोना आडीनडीला उभा रातो," असं ते म्हणत. ते खरंच उभं राहिलं. गंठण केतनच्या फ्लॅटला गेलं, चपलाहार प्रितमच्या ट्रेलरला गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मुलं मार्गाला लागली. आता फक्त पाटल्यांची जोडी राहिली आहे. ती प्रितमला. खुशाल मोडावी, मोडण्यासाठीच ती केलेली आहे.

कलम ५. राहिला माझा शेंगांचा हार. हे मृत्युपत्र खरं तर त्याच्यासाठी आहे.

नवीन पनवेलची चारुता माझ्याकडून दर वर्षी शेंगा नेत असे. ती दागिने स्वतः कागदावर काढून घडवते. एकदा तिने विचारलं, "आजी, तुमच्यासाठी हार केला तर त्यात काय करू?" मी थट्टेने म्हटलं, "शेंगाच कर." तिने खरंच चित्र काढून आणलं. बारीक सोन्याच्या वालाच्या शेंगा, वर हिरवा मिना, आणि मधली एक शेंग उघडी, आत टपोरे दाणे. गिऱ्हाईक एक शेंग फोडून दाणा बघितल्याशिवाय टोपलीला हात घालत नाही, हे तिने माझ्याजवळ उभं राहून पाहिलं होतं.

पोरगी खरं बोलणारी. म्हणाली, "आजी, यात सोनं थोडं आणि माझी मजुरी जास्त. मोडायला गेलात तर निम्मेही यायचे नाहीत." घ्यावा की न घ्यावा, यात माझा अख्खा शेंगांचा हंगाम गेला. शेवटी घेतला, शेंगांच्याच पैशांतून.

जासईला एका हळदीत घालून गेले. आमच्याकडे बायका नवा दागिना आधी तळहातावर घेऊन तोलतात. नणंद कुमुद वन्सं यांनी तोलला. "किती तोल्याचा गो, वयनी?" मी म्हटलं, "दोन." "दोनच? यवऱ्या पैशान पाटल्या झाल्या असत्या." सगळ्या हसल्या. मला राग आला, पण हार काढला नाही.

पुढे प्रितमचा ट्रेलर बंद पडला, तेव्हा मीच हार काढून दिला. संध्याकाळी तो डबी घेऊन परत आला. "आये, याचा निम्मा बी येत नाय." मी हसत सुटले. पुरे पैसे देणारे दागिने गेले आणि निम्मेही न देणारा हार घरी आला. घेतला ते योग्य होतं का, याचा निकाल त्या दिवशी लागला.

आता मुलांचा बेत असा, की माझ्यामागे रीतीप्रमाणे सगळं सोनं सोनाराकडे न्यावं, एकत्र आटवावं आणि तोलून सारखं वाटावं. माझ्या सासूबाईंच्या गळ्यातली वज्रटीक अशीच आटली. अर्धा गोळा मला आला, अर्धा कुमुद वन्संना. गोळ्याकडे बघून मला सासूबाई कधी दिसल्या नाहीत. म्हणून सांगते, हार मोडू नये.

हार केतनची बायको निशा हिला द्यावा. आमचं गूळपीठ आहे असं कोणी समजू नये. ती माशांच्या कालवणात साखर घालते. पण त्या हळदीत सगळ्या तोळे विचारत असताना ती जवळ येऊन म्हणाली, "आई, ही एकच शेंग उघडी का ठेवलीय?" तिने तो लॉकरमध्ये ठेवू नये. माझ्या बाराव्यालाही घालावा, लोक काहीही म्हणोत.

कलम ६. कुमुद वन्सं यांना काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला वाटा न ठेवलेला बरा, असं वकील म्हणाले, आणि पाचव्या कलमाला मला त्यांचीच साक्ष हवी आहे.

सह्यांपूर्वी जोडलेली नोंद: वरील मजकूर वकिलांनी मोठ्याने वाचून दाखवला. कुमुद वन्सं म्हणाल्या, "आयची वज्रटीक मना बी आठवते गो." त्यांनी माझ्या गळ्यातला हार हातात घेतला. मला वाटलं, आता तोलणार. त्यांनी चष्मा लावून उघडी शेंग शोधली, दाण्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "भरलेली हाय." मग सही केली.

हे मी ऐकलं, मला समजलं, आणि मी समाधानाने सही करते.

सही: भामा जगन घरत

आमच्यासमोर सही झाली व आम्ही एकमेकांसमोर सह्या केल्या:
१. कुमुद दयाराम म्हात्रे, जासई, तालुका उरण
२. डॉ. उदयसिंह मोहिते, कळंबोली

ठिकाण: पनवेल
दिनांक: १८ जानेवारी २०२५