विमानाची गाळणी, नानांची छाती

पिंप्राळा, जळगाव

तीर्थरूप नाना, धाकट्या भावाचा दोंडाईच्याच्या उंबऱ्याला इथूनच नमस्कार.

मी बरा आहे. विमान उडवायला शिकवतात तिथं इंजिनांच्या गाळण्या साफ करतो. इंजिनाला पेट्रोलासारखीच हवाही लागते आणि ती गाळणीतूनच आत जाते. गाळणी धुळीनं बुजली, तर दुसरी झडप आपोआप उघडते. जोर कमी होतो, पण इंजिन चालत राहतं.

काल वहिनी फोनवर रडल्या. "डॉक्टरनं बठ्ठं सांगी झायं, पण ते ऐकतस कोठे?" डॉक्टरनं सगळं सांगूनही तुम्ही ऐकत नाही म्हणे.

नाना, जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीनं छाती बुजली, तर माणसाला दुसरी झडप नाही. उद्यापासून तिथं कामाला जाऊ नका. रात्री झोप लागते का?

श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या प्रसादाला येतो. भावकीच्या पंगतीत तुम्ही शेजारी हवेत, एवढंच कानबाईजवळ मागतो.

तुमचाच,
झिपरू