जमादार सुटला तर घर कोणाचे

मी व्यंकटराव वल्द तातेराव, वय एकाहत्तर, धंदा वकिली, राहणार हिंगोली, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो आणि सांगतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तशी खात्री दिली आहे. पत्नी नर्मदाबाई हिचे मत वेगळे आहे, पण तिची साक्ष घेतलेली नाही.

१. चाळीस वर्षे मी खटल्यात किंवा खातेचौकशीत अडकलेल्या पोलिसांची वकिली केली. चोराला वकील मिळतो, पोलिसाला कोणी दारात उभे करत नाही. त्यांना ओसरीवर बघून शेजारणी नर्मदाबाईला विचारायच्या, "आज काय केलं वकीलसाबांनं?" त्या तकलीफीपोटी म्हैस, भांडी व शिल्लक तिची.

२. माझी छत्री पोलीस ठाण्याच्या एका अमीनसाहेबांकडे सहा वर्षे आहे. मी त्यांची नोकरी वाचवली होती. जो छत्री परत आणील, छत्री त्याची.

३. आता घर. जमादार अल्लाबक्ष याने पोळ्याला कोठडीतला कैदी खेमा, बैलांची पूजा करून ये म्हणून, शब्दावर सोडला. दिवस कलला तसा जमादार घाबरून खेमाच्या गावाकडे, नर्सीच्या रस्त्याला त्याला शोधायला गेला. खेमा आडवाटेने परतला आणि जमादारासाठी पुरणपोळी घेऊन उघड्या कोठडीत बसला. तेवढ्यात तपासणी आली. कैदी हजर, पहारेकरी गायब. मी अल्लाबक्षला "कैद्याला काहून सोडलं?" असे विचारले, तर म्हणाला, "वकीलसाब, सण बैलाचा हाय. बैलानं काय चोरी केली?"

बावीस वर्षांची नोकरी, सहा लेकरे, राहायला पोलीस लाइनीतली खोली. शिक्षा झाली तर सगळेच जाईल. समोर सरकारी वकील माझा मुलगा माणिकराव. या इलाख्यात मला हरवील असा तो एकटाच. त्याला मीच शिकवले, याचा आज पस्तावा होतो.

म्हणून जमादार सुटल्यास घर माणिकरावचे. शिक्षा झाल्यास घर जमादाराचे, कारण तो बेघर होईल. नर्मदाबाई हयात असेतो दोन्ही प्रकारे तिथेच राहील.

४. या कागदाची नक्कल माणिकरावला आजच द्यावी. माझ्या मरणापर्यंत थांबायला जमादाराला सवड नाही. तारीख पुढच्या सोमवारी आहे.

हिंगोली, ता. ५ नोव्हेंबर १९४४
सही: व्यंकटराव
साक्षीदार: नासेर, शिंपी (सही), वसराम, कापूस दलाल (अंगठा)

नक्कल पोचली. ज्याचे घर निकालावर अवलंबून आहे त्याने हा मुकदमा चालवणे रास्त नाही, म्हणून मुकदम्याचे कागद आजच परत केले. सरकारतर्फे आता दुसरे कोणी उभे राहील. सोमवारी मी मागच्या बाकावर बसून बाबांचा युक्तिवाद ऐकीन.
माणिकराव