अकोटला नेलेला डबा

मी, शकुन याकोब इंगळे, वय ७३, दवाखान्यातली निवृत्त आया, राहणार जुने शहर, अकोला, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मनाने करीत आहे. गुडघे गेले आहेत. डोके शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे.

१. माझे दोन खोल्यांचे राहते घर माझ्या पश्चात धाकटा भाऊ देवमन याची मुलगी आचल हिला मिळावे. लोक विचारतील, म्हणून कारण लिहिते.

आईवडिलांमागे देवमनला मी वाढवले. तो अधिकारी झाला. २००४ साली अकोटला त्याच्या नव्या घराच्या प्रार्थनेला मी ड्युटीवरून आयाच्या साडीतच गेले. त्याच्या साहेबांनी विचारले, "या कोण?" देवमन म्हणाला, "आमच्याकडे कामाला होत्या." मी पाणीही न पिता परतले. पुढचे एकोणीस ईस्टर मी पुनरुत्थानाची गीते म्हटली, भावाचे नाव घेतले नाही.

२०२३ च्या ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी चर्चमध्ये पाळकांनी सांगितले, की प्रभू येशूला धरले तेव्हा त्याची ओळख नाकारणाऱ्या पेत्र या शिष्याला, मरणातून उठलेल्या प्रभूने आधी जाब विचारला नाही. मासे भाजून जेवायला बोलावले. तोवर माझा ईस्टर रिकाम्या कबरेपाशीच संपत असे. प्रभू तर उठल्यावर पळून गेलेल्या शिष्यांना शोधत गेला होता.

सोमवारी मरळ माशाचा रस्सा केला, डबा घेऊन अकोटची एस.टी. धरली. दार देवमननेच उघडले.

"ताई... त्या दिवशी मी तुले..."

"आधी जेव. रस्सा थंड होऊन राहिला."

आतून एक मुलगी आली. मी तिला कधी पाहिले नव्हते. "बाबा, ह्या कोण?"

"माही मोठी बहीण. हिनंच मले वाढवलं," म्हणून तो दारातच रडू लागला.

ती आचल. आता कॉलेजसाठी माझ्याकडेच राहते, आणि माझ्या गोळ्यांवर पहारा ठेवते.

२. स्टीलची पातेली शेजारीण मनकर्णा हिला द्यावीत. झाकणे सहा वर्षांपासून तिच्याकडेच आहेत.

३. मी कोणत्याही महिन्यात गेले तरी मातीला ईस्टरचेच गीत म्हणावे. फुले आणू नयेत. ज्याचे कुणाशी बोलणे तुटले असेल, त्याने कबरस्तानातून परस्पर त्याच्या दारी जावे. माझ्यासारखी एकोणीस वर्षे लावू नयेत.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

शकुन याकोब इंगळे

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. धर्मपाल शालिकराम गवई
२. ललित रामराव तायडे

अकोला, २६ एप्रिल २०२५